हा रकाना कुणी ठरवला?

पुण्यातल्या बऱ्याच आयटीवाल्यांची पोटं अमेरिकेतल्या आरोग्यविम्यावर चालतात. माझंही त्यातच आलं. त्यामुळे सीएमएस-१५०० नावाचा क्लेमचा फॉर्म मला सातबाऱ्यापेक्षा जास्त ओळखीचा! डॉक्टर तो भरून विमा कंपनीला किंवा मेडिकेअरला बिल लावतात. त्याच्या तळाशी बारीक अक्षरात एक नंबर असतो: ओएमबी-०९३८-११९७. आज या नंबराबद्दल लिहायचंय. विषय रटाळ वाटेल, पण थोडं थांबा.

अमेरिकेत १९८० साली पेपरवर्क रिडक्शन अ‍ॅक्ट झाला, १९९५ मध्ये तो सुधारून नव्याने आणला. नियम साधा आहे. केंद्र सरकारच्या खात्याला १० किंवा जास्त लोकांकडून एकाच साच्यातली माहिती मागायची असेल, तर आधी जाहीर सांगावं लागतं: ही माहिती कशासाठी हवी, किती जणांना भरावी लागेल, भरायला किती तास जातील. मग ६० दिवस कुणीही हरकत किंवा सूचना पाठवू शकतो. त्यानंतर प्रस्ताव ओएमबीकडे, म्हणजे बजेट बघणाऱ्या ऑफिसकडे जातो आणि लोकांना आणखी ३० दिवस मिळतात. मंजुरी जास्तीत जास्त ३ वर्षांची. आणि खरी गंमत पुढेच आहे. फॉर्मवर चालू नंबर नसेल, तर तो भरला नाही म्हणून कुणाला दंड करता येत नाही.

आता आपल्याकडे या. २०१८ च्या सप्टेंबरात आयुष्मान भारत सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. योजना गरजेची आहे, त्याबद्दल वादच नाही. पण २०२३ मध्ये कॅगचा अहवाल आला आणि त्यात ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाईल नंबरशी जोडलेले निघाले. नंबर कुठला? दहाच्या दहा आकडे ९! सरकारचं म्हणणं असं की पात्रता तपासायला मोबाईल नंबर लागतच नाही. तो फक्त संपर्कासाठी आणि अभिप्राय विचारण्यासाठी. रकाना होता म्हणून कुणी कर्मचाऱ्याने काहीतरी दहा आकडे टाकले असतील.

मला हे उत्तर पटतं, आणि म्हणूनच ते जास्त टोचतं. दारात रांग, नेट रखडलेलं, समोरच्या आजींकडे फोनच नाही... कुठलाही ऑपरेटर ९ चं बटण दाबून मोकळा होणार. पण "उपचार खरंच झाले का, वरून पैसे मागितले का" हे त्या आजींना विचारायचं कसं? ज्यांना विचारणं सगळ्यात गरजेचं, नेमके तेच यादीतून गळाले.

एखाद्या आशाताईंना आधी विचारलं असतं, तर त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं की बाईचा नंबर म्हणजे पुष्कळदा दिराचा नंबर असतो. सूचना मागवायच्या त्या एवढ्यासाठी.

आपल्याकडे मागवतातही, पण कशा? २०२० च्या ऑगस्टमध्ये, ऐन कोविडात, आरोग्याच्या माहितीविषयीच्या राष्ट्रीय धोरणाचा मसुदा आला. मुदत ३ सप्टेंबर, म्हणजे जेमतेम आठवडा! ओरड झाल्यावर ती २१ सप्टेंबरपर्यंत वाढली. कायद्याच्या मसुद्याला किमान ३० दिवस द्यावेत असं केंद्राचं २०१४ चं धोरण आहे. पण फॉर्म हा काही कायदा नाही. त्याचे रकाने कुठल्यातरी मीटिंगमध्ये ठरतात, आणि तिथे माझ्यासारखा एखादा "हेही घेऊन ठेवू, पुढे लागेल" म्हणतो.

यावर दोन आक्षेप येतील. एक, यात वेळ जातो आणि आजारी माणूस थांबू शकत नाही. खरंय. पण तातडीच्या वेळी झटपट मंजुरीची सोय अमेरिकेच्या कायद्यातही आहे. दुसरा, सूचना पाठवतं कोण? सामान्य माणूस नाहीच, हॉस्पिटलं आणि विमा कंपन्याच पुढे असतात. हेही खरं. म्हणून नुसती वेबसाईटवर पीडीएफ टाकून भागणार नाही. मसुदा मराठीत हवा, प्राथमिक आरोग्य केंद्रात लावलेला हवा, आणि आलेल्या सूचनांचं काय केलं हेही छापायला हवं.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक रकान्यासमोर एक ओळ: हे कशाला हवं, कोण बघणार, किती दिवस ठेवणार. आणि ज्याच्याकडे ती माहिती नाही त्याने काय करायचं. ही ओळ लिहिता येत नसेल तर रकाना काढून टाका.

२०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना ही योजना मिळाली, आणि त्यासाठी आधारची ई-केवायसी सक्तीची. बोटांचे ठसे पुसलेले, ओटीपीचा फोन नोकरीच्या गावी असलेल्या मुलाकडे, अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. डेटाबेसमध्ये एक रकाना वाढवायला आम्हाला दोन मिनिटं लागतात. तो भरायला तालुक्याला जाणाऱ्याचा दिवस मोडतो.

असो. पटतंय का बघा.