परवाना दिला, पण आकाश कुणाचे?

वैमानिकाचा परवाना मिळाला म्हणजे पोरगा वैमानिक झाला, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. चौकात फ्लेक्स लागतो, नेते हार घालतात, फोटो व्हायरल होतो. पुढे त्या पोराचे काय झाले, हे विचारायला कुणी फिरकत नाही.

हिशेब समजून घ्या. भारतात व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी किमान २०० तास उड्डाण लागते. खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. परवाना हातात आला की एअरलाइन विचारते, एअरबस किंवा बोइंगचे टाइप रेटिंग आहे का? त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. नोकरी लागेपर्यंत सराव टिकवायचा तर तासाच्या भाड्याने विमान उडवा. वैद्यकीय तपासणी दरवर्षी करा. पुढे कॅप्टन होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो, त्याला १५०० तास हवेत. २०० ते १५०० ही दरी बापाच्या पैशावर पार होते. शेतमजुराची पोरगी काठावरच थांबते, आणि मग तेच लोक म्हणतात, "यांच्यात मेरिट नाही."

सरकार काय देते? अनुसूचित जातींसाठी केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती आहे. तिच्यात खासगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला ३ लाख ७२ हजारांची मर्यादा. चार वर्षे मिळाली तरी पंधरा लाख होत नाहीत. महाज्योतीने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत ओबीसी, भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण सुरू केले, त्याचे स्वागतच आहे. पण अशा योजनांचे लक्ष्य परवाना हेच असते. परवाना मिळाला की लाभार्थी मोजला आणि फाइल बंद.

अर्धी मदत म्हणजे काय, हे आपल्या चळवळीला कुणी शिकवायची गरज नाही. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, तिथून लंडनला. मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. सिडनहॅममध्ये प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेनांनी कर्ज दिले, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. बुद्धी १९१७ मध्येही तीच होती. अडले होते ते पैशापाशी.

आता वऱ्हाडाकडे या. अकोल्यात शिवणीच्या धावपट्टीचा विस्तार वर्षानुवर्षे जमिनीच्या प्रश्नात अडकला आहे. अमरावतीत मात्र १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोरा विमानतळावरून प्रवासी सेवा सुरू झाली. तिथेच एअर इंडियाच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेची घोषणा २०२४ मध्ये झाली. वर्षाला १८० वैमानिक घडवण्याचे लक्ष्य, दहा एकर जागा, आणि सोबत राज्य सरकारची विमानतळ विकास कंपनी. एअर इंडिया सरकारी होती तेव्हा तिच्या भरतीत आरक्षण होते. २७ जानेवारी २०२२ रोजी ती टाटांकडे गेली आणि ते दार बंद झाले. जागा सार्वजनिक, धावपट्टी सार्वजनिक, मग त्या १८० जणांत वऱ्हाडातली आपली पोरे किती, हा प्रश्न आपण विचारायचा नाही?

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "पोटाचे प्रश्न सुटले नाहीत आणि तुम्ही विमानाचे काय घेऊन बसलात?" याच अमरावतीत १९२७ मध्ये अंबादेवी मंदिर प्रवेशाचा लढा झाला. तेव्हाही भूक होतीच. भूक संपेपर्यंत हक्क मागायचा नाही, असे आपल्या माणसांनी मानले नाही. ज्या जागा आपण मागत नाही, त्या दुसऱ्याच्या नावावर चढतात.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. एक, शिष्यवृत्ती परवान्यापाशी न थांबता टाइप रेटिंग आणि पुढच्या उड्डाण-तासांपर्यंत जावी. दोन, बार्टीने नवपरवानाधारकांना फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होण्याचा खर्च द्यावा. इन्स्ट्रक्टरला पगारही मिळतो आणि तासही वाढतात. तीन, बेलोऱ्यात राखीव आणि पूर्ण शुल्कमाफीच्या जागा ठेवाव्यात. चार, सामाजिक न्याय विभागाने परवानाधारक किती याऐवजी प्रत्यक्ष नोकरीत किती, ते दरवर्षी जाहीर करावे.

फ्लेक्स लावणाऱ्यांनो, पुढच्या वेळी हार घालण्याआधी त्या पोराला एवढेच विचारा, पुढच्या तासाचे पैसे कोण भरणार? उत्तर नसेल तर हार बाजूला ठेवा आणि निवेदन घेऊन आमच्यासोबत जिल्हाधिकारी कार्यालयावर चला.

जय भीम!