इतिहासाच्या ताटात काय वाढले?

मराठी ऐतिहासिक कादंबरीत तलवारीचे पाते, फेट्याचा पेच आणि घोड्याची जात बारकाईने तपासली जाते. जेवणाचा प्रसंग आला की मात्र सारे ऐकीव. मुसलमान सरदार असला तर समोर मांसाचे थाळे, हातात मद्याचा पेला. झाले, पात्र उभे राहिले! त्याने तोंड उघडण्याआधीच त्याचे ताट पाहून वाचक निकाल देऊन मोकळा होतो.

साधने काय सांगतात? सोळाव्या शतकातल्या अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त पदार्थांचे तीन वर्ग आहेत आणि त्यातला पहिला वर्ग मांसाविना पदार्थांचा. त्यात खिचडीचे प्रमाणसुद्धा दिले आहे : तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी ५ शेर. मिरची मात्र त्या पाककृतींत नाही. ती अमेरिकेची, पोर्तुगिजांच्या जहाजांतून इकडे आली. बटाटा-टोमॅटो सामान्यांच्या घरात रुळले ते इंग्रजी अमदानीत. उलट मसाला, मुरंबा, हलवा, सरबत हे मराठी घरातले शब्द अरबी-फारसीतून आलेले. अरबी ‘जलाबिया’ची जिलबी तर सतराव्या शतकातल्या रघुनाथपंडितांच्या ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथात जाऊन बसली आहे. मग या ताटात परके कोण?

पण दुसऱ्यांकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. आपले लेखकही कोकणी मुसलमान रंगवताना त्याच्यापुढे बिर्याणीचे पातेले ठेवतात. उरणचेच घ्या. हे करंजा बेट आधी पोर्तुगिजांकडे होते, अठराव्या शतकात मराठ्यांकडे आले. त्या काळातल्या इथल्या खलाशाच्या घरात लखनौचा दस्तरखान कुठून येणार? खारजमिनीतला लाल राता तांदूळ, खाडीची मासळी, मिठागराचे मीठ, नारळ आणि आमसूल. शेजारच्या आगरी-कोळ्याच्या चुलीवर शिजत होते, तेच याच्याही चुलीवर शिजणार. हे लिहायला आपल्याला कमीपणा का वाटावा? नवाबी थाट उसना आणून आपणच आपल्याला या मातीत पाहुणे ठरवतो आहोत.

याची साधने दफ्तरखान्यात फारशी सापडायची नाहीत. ती दादी-नानीच्या हातात आणि बोलीत आहेत, आणि तीही हातची चालली आहेत. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. बंदरापायी, नव्या शहरापायी भातखाचरे गेली, मिठागरे गेली. खाचर गेले की बियाणे जाते, बियाण्याबरोबर चव आणि चवीबरोबर शब्द.

म्हणून कादंबरी लिहायची असो वा नसो, आपल्या लेखकांनी आधी घरातल्या स्वयंपाकघरात वही घेऊन बसावे. पदार्थाचे नाव, माप, कोणत्या सणाला, कोणत्या आजारात, कोणाच्या मयतीनंतर, सारे उतरवून घ्यावे. ‘तुम्ही इथले कधीपासून?’ असे विचारणारे आज कमी नाहीत. त्यांच्यापुढे ठेवायला आपल्याकडे वंशावळी नसतील, पण हे ताट आहे. तेवढे तरी दुसऱ्याच्या हातून वाढून घेऊ नये.