उतरलेले पॅड आम्ही घालणार नाही

आधी एक सांगून टाकतो. हा लेख हॉकीवर आहे. त्यातही गोलकीपरच्या पॅडवर, ग्लोव्हजवर, छातीच्या गार्डावर, आणि ते घरच्या घरी आपल्या मापाचे कसे करायचे ह्याच्यावर. चळवळीच्या अंकात असला विषय कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी पान उलटावं, पुढे एखादी कविता असेलच. पण जाण्याआधी एवढं सांगा : पोराच्या नरड्यावर बॉल बसला तर तुमची कविता त्याला श्वास देणार आहे काय?

मी बेटेगावचा. रुळांच्या पूर्वेला आमचं बेटेगाव, पश्चिमेला तारापूरची एमआयडीसी. सकाळी माणसं इकडून तिकडं जातात, रात्री तिकडून इकडं येतात, नाकातोंडात वास घेऊन. माझा बाप ठेकेदाराकडं हेल्पर होता. हेल्परला मास्क म्हणजे आयनं धुतलेला रुमाल. हातमोजे म्हणजे आधीच्या पाळीतल्या माणसानं काढून ठेवलेले, त्याच्या घामानं ओले. बूट साहेबाच्या राउंडपुरते. सांगायचं काय, तर अंग झाकायची वस्तू दुसऱ्याची उतरलेली असते, हे आम्ही हॉकीच्या आधी शिकलो.

मग शाळेत हॉकी आली. शाळेचं नाव सांगत नाही, तुमच्या शाळेचं घाला, फरक पडणार नाही. अकरा पोरं उभी केली. फॉरवर्ड कोण, हाफ कोण, सगळं ठरलं आणि गोल रिकामा राहिला. सर माझ्याकडं वळले आणि हसत म्हणाले, "तू उभा राहा रे, तुम्हाला मार खायची सवय असते."

तुम्हाला. तुला नाही, तुम्हाला. त्या एका अनेकवचनात सगळा वर्गच नाही, सगळी वस्ती बसली होती.

पेटीतून पॅड निघाले. आत वेताच्या काड्या, कापसाचे गोळे, वर फाटलेलं कॅनव्हास. चामड्याचे पट्टे वाळून तुटलेले. माझ्यापेक्षा वीतभर उंच असलेल्या कुठल्यातरी पोराचे. पॅडाची गुडघ्याची घडी माझ्या मांडीवर येत होती. वाकता येईना. पाय बारीक, त्यामुळं बॉल लागला की पॅडच फिरायचा नि दुसरा बॉल उघड्या पोटरीवर. पहिल्या महिन्यात माझ्या पायाचा रंग आमच्या झेंड्यासारखा झाला होता. निळा.

* * *

आता जरा मनूकडं जाऊ. नाही म्हटलं तरी तो वाटेत येतोच. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला काय द्यावं ते लिहून ठेवलंय : उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं. पुस्तक जळालं, पण शाळेच्या खेळाच्या पेटीत त्याची राख अजून गरम आहे. जीर्ण पॅड, जीर्ण ग्लोव्हज, जीर्ण हेल्मेट. देणारा वर म्हणतो, मिळतंय ते घे.

आणि तो कर्ण! कवचकुंडलं घेऊन जन्माला आला म्हणून सूताघरी वाढूनही मैदानात उभा तरी राहिला. मग देवांचा राजा भिक्षुकाचं सोंग घेऊन आला आणि ती दानात काढून नेली, वर त्याला दानशूर म्हणाला. ह्या देशात खालच्याचं कवच काढून घेण्यालासुद्धा पुण्याचं नाव आहे. आम्ही तर कवच घेऊन जन्मत नाही, आमची चामडी हेच कवच. आणि गंमत बघा, ह्या देशात खेळाला चामडं पुरवलं कोणी? फाळणीनंतर सियालकोटचा खेळसाहित्याचा धंदा जालंधर आणि मेरठला आला. तिथं चामडं कमावणारे, बॉल शिवणारे हात मोठ्या संख्येनं आमचेच. शिवणार आम्ही, बांधणार ते, फाटलं की पुन्हा आमच्याकडं, आता घालायला.

पळवणकर बाळूंना आठवा. पूना क्लबात खेळपट्टी लोळवायची, जाळी लावायची, आणि साहेबाला तासन्‌तास बॉल टाकायचा. बॅट मात्र हातात नाही. चहा वेगळ्या भांड्यात, तोही बाहेर. बॅटिंग नाही म्हणजे पॅड नाही. क्रिकेटमध्ये पॅड बॅट धरणाऱ्याला, आमच्या हातात बॉल दिला. हॉकीत पॅड गोलात उभ्या राहणाऱ्याला लागतात, तर तिथं आम्हाला उभं केलं आणि पॅड तेवढे फाटके दिले. दोन्हीकडं हिशेब चोख.

* * *

तर आता कामाचं बोलू. कान उघडे ठेवा.

हॉकीचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅगफ्लिक ताशी १०० किलोमीटरच्या पुढं जाते. ताशी १०० चा हिशेब धरला तरी त्या बॉलात सुमारे ६० ज्यूल ऊर्जा असते. शाळेतलं विज्ञान विसरला असाल तर असं समजा : दुमजली घराच्या गच्चीवरून, वीस फुटांवरून, वाण्याचं एक किलोचं लोखंडी वजन अंगावर पडलं तर जेवढा मार बसेल तेवढा. हे वजन "सवयीनं" अडत नाही. फोमानं अडतं.

सगळा फोम सारखा नसतो. सोफ्यातला स्पंज पाणी पितो, बोटानं दाबला की तळाला जातो. तो बॉलासमोर नसल्यातच जमा. मशिनच्या पॅकिंगला जो बंद कप्प्यांचा, पाणी न पिणारा, घट्ट फोम येतो तो कामाचा. पारख सोपी : अंगठ्यानं जोर लावून दाबा. अंगठा पलीकडं लागला तर टाका. पाण्यात बुडवा. जड झाला तर टाका. थर्माकोल एकदाच मार झेलतो आणि आतून मोडतो, दुसऱ्यांदा तुम्ही उघडेच असता.

बापानं कारखान्याबाहेरच्या भंगारवाल्याकडून असा फोम आणला. पॅडाच्या आतल्या अंगाला, पोटरीच्या दोन्ही बाजूंना बोटभर जाडीच्या पट्ट्या लावल्या, तेव्हा पॅड माझ्या पायावर बसला, फिरायचा थांबला. पट्टे बॅगवाल्याकडच्या नायलॉनच्या पट्टीचे, टोक मेणबत्तीवर जाळून घेतलं की उसवत नाही. बक्कल बाहेरच्या बाजूला, नाहीतर धावताना एकमेकांत अडकतात. शिवण स्टेशनबाहेरच्या चांभारकाकांची. मशीन हरलं तिथं त्यांची आरी आणि मेणदोरा चालला. पैसे विचारले तर म्हणाले, "पहिला गोल अडव, मग बघू." किकरच्या तळव्याखालचा पट्टा सगळ्यात आधी झिजतो, तिथं सायकलची ट्यूब. चिकटवायला चांभाराचं सोल्युशन, पण दारं-खिडक्या उघडून आणि वाळवून. एमआयडीसीचा वास पुरे आहे, आणखी नको.

नियमही पाठ करा, कारण अंपायर तुमच्या गरिबीवर दया करणार नाही. पायातला प्रत्येक पॅड घातल्यावर ३०० मिलिमीटरपेक्षा रुंद नको. हाताचा प्रोटेक्टर २२८ मिलिमीटरपेक्षा रुंद नको, ३५५ पेक्षा लांब नको. धारदार, टोकदार काही बाहेर नको.

हे सगळं करा. आपल्या मापाची वस्तू अंगाला लागली की माणूस ताठ उभा राहतो. मी पहिल्यांदा त्या पॅडात गोलात उभा राहिलो तेव्हा मला कळलं, की आजवर मी बॉलाला नाही, पॅडाला घाबरत होतो.

* * *

पण थांबा. इथवर वाचून टाळ्या वाजवणारे पांढरपेशे मला दिसतायत. "व्वा! काय जुगाड! काय जिद्द!"

साल्यांनो, टाळ्या थांबवा. पुढचं ऐका.

माझ्या दोस्तानं डोक्याचंही घरीच केलं. मोटारसायकलचं जुनं हेल्मेट घेतलं, काच काढली, समोर ड्रिलनं भोकं पाडून लोखंडी सळ्या बसवल्या. वर थिनर मारून निळा रंग. सुंदर दिसत होतं. आम्ही सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, मीही थोपटली. तिसऱ्या दिवशी बॉल सळीवर आदळला, सळी आत वाकली, आणि गालाचं हाड मोडलं. आज तो नीट चावू शकत नाही. त्याचं जेवण बघितलं की मला माझा थोपटणारा हात आठवतो.

म्हणून हे अंडरलाइन करून ठेवा. डोकं, गळा, जांघ, ह्यांचं कवच घरी होत नाही. हेल्मेटला भोक पाडलं की तडा तिथूनच सुरू होतो. थिनर प्लॅस्टिकला आतून कुरतडतो, वरून चकचकीत दिसतं. आतला थर एकदा जोरात मार खाल्ला की संपला. पट्टा कसणं, आतली गादी स्वच्छ ठेवणं, ह्यापलीकडं हेल्मेटला हात लावू नका. आणि केमिकलचे निळे ड्रम कापून नडगीचे गार्ड करणाऱ्यांनो, त्या ड्रमात आधी काय होतं ते तुम्हाला कोणी सांगितलंय? घामानं ओल्या कातडीवर ते बांधू नका. त्याच ड्रमात आपल्या घरी पाणी भरतात, तेही बंद करा.

म्हणजे निम्मं कवच आपण करू शकतो, निम्मं विकतच लागतं. आणि जे विकतच लागतं तेच जीव वाचवतं. जुगाडाची आरती गाणारे हे निम्मं लपवतात.

केरळच्या श्रीजेशच्या बापानं गाय विकून पोराचा किट घेतला. पुढं श्रीजेशनं टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ आणलं. प्रत्येक पेपरानं ती गाय छापली. पण क्रीडाशाळेत शिकणाऱ्या पोराचे पॅड बापाच्या गोठ्यातून का यावेत, हा प्रश्न किती जणांनी छापला? आपल्या खडकीचा धनराज पिल्ले मोडक्या स्टिका आणि टाकलेल्या बॉलांवर शिकला, चार ऑलिम्पिक खेळला. २०११ ला आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकून युवराज वाल्मिकी मुंबईत परतला, तेव्हा मरीन लाइन्सच्या त्याच्या घरात वीज नव्हती. ह्या कथा तुम्ही डोळे पुसत वाचता. आम्हाला त्यात बिल दिसतं, जे व्यवस्थेनं भरलं नाही. आणि ज्यांच्या बापाकडं गायच नव्हती, त्यांची नावं कुठं छापून येतात?

हरलं की मात्र नावं लगेच सापडतात. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये पाकिस्तानकडून ७-१ हार झाली. अकरा जण हरले, गद्दार ठरला एकटा गोलकीपर मीररंजन नेगी. ऑगस्ट २०२१, टोकियो. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून आपल्या पोरी २-१ नं हरल्या. चारच दिवस आधी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅट्‌ट्रिक करणारी, ऑलिम्पिक हॉकीत हॅट्‌ट्रिक करणारी पहिली भारतीय बाई वंदना कटारिया. हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फोडले, जातीवरून शिव्या दिल्या, म्हणे संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो. सांगा, ह्या माराला कुठला फोम लावायचा? किती मिलिमीटरचा?

* * *

काही कॉम्रेड म्हणतील, खेळ ही अफू आहे, आधी क्रांती. दोस्त, ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापुरात कारखाना उडाला, माणसं मेली. त्या बातमीचा आणि माझ्या पॅडाचा प्रश्न एकच आहे : ह्या देशात कोणाच्या अंगाला कवच मिळतं, आणि कोणाचं अंग हेच दुसऱ्याचं कवच होतं? जो पोरगा वयाच्या बाराव्या वर्षी "हेल्मेट द्या, नाहीतर गोलात उभा राहणार नाही" म्हणायला शिकेल, तोच विसाव्या वर्षी ठेकेदाराला "मास्क द्या, नाहीतर प्लँटमध्ये जाणार नाही" म्हणेल. एक नकार दुसऱ्याला शिकवतो.

तेव्हा मागणी दानाची नाही, हिशेबाची. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नं, ज्यांचा नफा-धंदा ठरल्या मर्यादेवर आहे त्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजासाठी खर्च करायचेत, आणि त्याच्या यादीत ग्रामीण आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण लिहिलेलं आहे. ग्रामपंचायतीत मागासवर्गीयांसाठी उत्पन्नातले १५ टक्के राखायचे असतात, ते कुठं गेले ते ग्रामसभेत उभं राहून विचारा. प्रत्येक शाळेच्या पेटीत नवं हेल्मेट, गळ्याचं गार्ड, पोरांना आणि पोरींना वेगवेगळं जांघेचं गार्ड, पोरींना छातीचं. पेनल्टी कॉर्नरला पुढं धावणाऱ्याला मास्क. नवं. कोणाचं उतरलेलं नाही. बाकीचे पट्टे आम्ही शिवू, फोम आम्ही कापू, माप आम्ही घेऊ. आमची आरी अजून बोथट झालेली नाही.

आणि तोवर? तोवर गोल रिकामा ठेवा.

होय, रिकामा. सरांना सांगा, हेल्मेट आल्याशिवाय आमचा पोरगा उभा राहणार नाही. त्यांना वाटत असेल सवयीनं बॉल अडतो, तर त्यांनी उभं राहावं. गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असतो. त्यात त्यांची सगळी परंपरा आरामात मावेल.

मी आजही बेटेगावात पोरांना गोलात उभं करतो. पहिल्या दिवशी बॉल देत नाही. आधी माप घेतो. नडगीचं, गुडघ्याचं, छातीचं. पोरं हसतात. आजवर त्यांचं माप कोणी घेतलेलं नसतं.

जय भीम.