मोतीबिंदू आणि मनातली धाकधूक



‘पिकू द्या, मग बघू’ म्हणत आपली म्हातारी माणसं मोतीबिंदू वर्षानुवर्षं अंगावर काढतात. खरी अडचण भीतीची. ‘डोळा काढून ताटलीत ठेवतात म्हणे!’ तसं काही नसतं माय. गढूळलेलं भिंग काढून तिथं कृत्रिम भिंग बसवतात, एवढंच. नांदेड-लातूरच्या सरकारी दवाखान्यात ते मोफत होतं.

डोळा बधिर करतात, माणूस मात्र जागाच असतो. तोंडावर कापड आलं की जीव घाबरतो. म्हणून आदल्या दिवशी पातळ फडकं तोंडावर घेऊन दहा-पंधरा मिनिटं निपचित पडून बघा. विहारात शिकलेलं आनापान इथंच कामी येतं. श्वास आला, श्वास गेला. खोकला येतोय वाटलं तर हलू नका, आधी डॉक्टरांना सांगा. बीपी-शुगरच्या गोळ्यांचंही त्यांनाच विचारा.

लाखाहून अधिक शस्त्रक्रिया करणारे डॉ. तात्याराव लहाने लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे. १९९५ साली आईनं दिलेली किडनी बसवून घ्यायला तेही टेबलावर झोपलेच होते की!

आणि सोबत बडबडं माणूस नेऊ नका. त्याच्या गोष्टींनीच बीपी वाढतं.