श्रद्धेचें माप कोणाच्या हातीं?

आजाऱ्यासाठीं प्रार्थना करणें ही ख्रिस्ती धर्मांतील फार जुनी चाल आहे. नव्या करारांतील याकोबाच्या पत्रांतच आजाऱ्यानें मंडळीच्या वडिलांस बोलवावें, त्यांनीं त्यास तेल लावून त्याजकरितां प्रार्थना करावी, असा उपदेश आहे. त्या प्रार्थनेशीं आमचा वाद नाहीं. तिच्यानंतर जें बोललें जातें त्याच्याशीं आहे. चंगाई सभांच्या व्यासपीठांवरून कित्येक उपदेशक सांगतात कीं, देव खऱ्या श्रद्धावंतास बरें करतोच. सबब ज्यास गुण आला नाहीं त्याची श्रद्धा उणी असली पाहिजे, अथवा त्याच्या पोटांत एखादें झांकलेलें पाप असलें पाहिजे. तें पाप आपणांस आत्मिक दृष्टीनें दिसतें, असेंही त्यांपैकीं कांहीं म्हणतात.

या मताचा लंगडेपणा उघड आहे. रोगी बरा झाला तर यश प्रार्थनेचें, न झाला तर दोष रोग्याचा! जें विधान कोणत्याही अनुभवानें खोटें ठरूं शकत नाहीं, त्याच्या खरेपणाचा पुरावा म्हणून एखादा अनुभव पुढें करण्याचा अधिकार तें मांडणारास उरत नाहीं.

परंतु तर्क बाजूस ठेवला तरी, ज्या शास्त्राच्या नांवानें हें बोललें जातें तें काय सांगतें? योहानाच्या शुभवर्तमानांत शिष्य एका जन्मांधाकडे पाहून येशूस विचारतात कीं, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. आजच्या उपदेशकांची आत्मिक दृष्टि म्हणजे शिष्यांचा तोच प्रश्न होय. गुरूनें जो टाकून दिला तो यांनीं उचलून घेतला. खुद्द पौलाच्या देहांत एक शूल होता. तो जावा म्हणून त्यानें तीन वेळां विनवणी केली. तो गेला नाहीं. पौलाची श्रद्धा उणी होती काय?

दूर कशाला, आमच्या केडगांवचेंच उदाहरण घ्यावें. पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनांत १९०५ सालीं प्रार्थनेची मोठी लाट उसळली. त्याच रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ सालीं, आईच्या हयातींतच, वारली. रमाबाईंनीं प्रार्थनेंत कसूर केली, असें म्हणण्याची छाती कोणास होईल? मग जी गोष्ट रमाबाईंविषयीं बोलवत नाहीं, ती एखाद्या गरीब विधवेस तिच्या मुलाच्या खाटेशेजारीं उभें राहून कशी ऐकवतां येते?

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. श्रद्धा सिद्ध करण्याचा भार रोग्यावर पडला कीं औषध घेणें हीच अश्रद्धा ठरूं लागते. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यांत २००८ सालीं अकरा वर्षांची एक मुलगी मधुमेहानें मरण पावली. आईबाप प्रार्थना करीत राहिले. वैद्य बोलावला नाहीं. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं त्या दोघांची शिक्षा कायम केली.

उलट, प्रार्थना आंकड्यांनीं निकालांत काढूं पाहणाऱ्यांनींही जपून बोलावें. हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रोग्यांचा एक अभ्यास अमेरिकेंत २००६ सालीं प्रसिद्ध झाला. आपणांसाठीं प्रार्थना होते कीं नाहीं हें ज्यांस ठाऊक नव्हतें, त्यांपैकीं प्रार्थना लाभलेल्यांत शेंकडा ५२ जणांस उपद्रव झाले, न लाभलेल्यांत ५१ जणांस. प्रार्थना होत असल्याचें ज्यांस सांगितलें होतें, त्यांत ५९ जणांस झाले. हा योगायोगही असूं शकेल, असें संशोधकांनींच म्हटलें. अनोळखी माणसांची प्रार्थना औषधाच्या मात्रेप्रमाणें लागू पडत नाहीं, एवढें यावरून दिसतें. उशाशीं बसलेल्या बहिणीच्या प्रार्थनेनें रोग्याच्या मनास जो धीर येतो, त्याविषयीं हे आंकडे मुके आहेत.

मिरजेस डॉ. वान्लेस यांनीं १८९४ सालीं मिशनचें इस्पितळ काढलें. ते धर्मप्रसारासाठीं आलेले श्रद्धावंत ख्रिस्ती होते, आणि नांवाजलेले शस्त्रवैद्यही होते. शस्त्र हातीं घेतल्यानें त्यांची श्रद्धा उणी झाली नाहीं. आत्मिक दृष्टि असलीच तर तिला रोग्याच्या पापाआधीं त्याचें दुःख दिसलें पाहिजे. ज्यांस तें दिसत नाहीं त्यांनीं प्रार्थना खुशाल करावी. रोग्याच्या श्रद्धेचें माप मात्र घेऊं नये.