पासवर्ड गावाचा, चावी कोणाकडे?

शेंदुरसनी. यवतमाळ जिल्हा, आर्णी तालुका. जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव. 2025 च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत या ग्रामपंचायतीच्या नावावर 27 हजारांहून जास्त जन्मनोंदी झाल्या! पाळणे हलले नाहीत, पेढे वाटले नाहीत, नोंदी मात्र झाल्या. लॉगिन गावाचं, वापर भलतीकडूनच, अशी ही भानगड. सरकारला एसआयटी नेमावी लागली.

मेडशीकरांनो, हे आपल्या शेजारच्या जिल्ह्यात घडलं. "आपलं काय जातं" म्हणू नका. 1 ऑक्टोबर 2023 पासून नवा कायदा लागू आहे. त्या तारखेनंतर जन्मलेल्या लेकरांना शाळाप्रवेश, मतदार यादी, पासपोर्ट, सरकारी नोकरी, सगळ्यासाठी जन्मदाखला हाच पुरावा. अन् त्या दाखल्याचं कुलूप म्हणजे एक युजर आयडी अन् एक पासवर्ड.

ते कुलूप कसं सांभाळतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका कार्यालयात (नाव घेत नाही) पासवर्ड कागदावर लिहून संगणकाच्या पडद्यालाच चिकटवला होता. विचारलं तर उत्तर मिळालं, "भाऊ, साहेब सुट्टीवर गेले तर काम थांबते ना!"

खरं आहे त्याचं. पण यावर जगाने उपाय काढलेत. मोठी पोर्टलं आजकाल क्लाउडवर कंटेनरमध्ये चालतात. कंटेनर म्हणजे डबा. सॉफ्टवेअरला लागणारं सगळं त्यात बंद. हे डबे ज्या गोदामात ठेवतात त्याला रजिस्ट्री म्हणतात. गोदामाची चावी चोराच्या हाती गेली तर तो डबाच बदलतो, अन् डबा बदलला की पोर्टल त्याचं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या कोडकोव्ह कंपनीचा कंटेनर बनवताना चूक झाली अन् त्यातून एक चावी चोरांना मिळाली. तिच्या जोरावर त्यांनी कंपनीच्या एका स्क्रिप्टमध्ये फेरफार केला. 31 जानेवारी ते 1 एप्रिल, दोन महिने कोणाला पत्ता नाही.

म्हणून तिथले जाणकार चार गोष्टी पाळतात. चावी डब्यात ठेवायची नाही. प्रत्येकाला आपल्या नावाची वेगळी चावी. ज्याला माल फक्त न्यायचा आहे, त्याला ठेवण्याचा अधिकार नाही. अन् चावीला मुदत. ॲमेझॉनच्या रजिस्ट्रीत शिरायचं टोकन 12 तासांत बाद होतं. आपल्या कार्यालयांतले पासवर्ड किती वर्षांचे आहेत?

सोयाबीनच्या गोदामातून एक कट्टा काढायचा तर पावती लागते, सही लागते. मग लेकरांच्या नोंदीचं गोदाम उघडं कसं चालेल?

तीच गोष्ट डीएससीची. वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराजवरून निघतो तो सरपंच अन् ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीने. दोन सह्या ठेवल्या त्या एकमेकांवर लक्ष राहावं म्हणून. दोन्ही डोंगल एकाच ड्रॉवरमध्ये पडून असतील तर दोन सह्यांना अर्थ काय राहिला?

संगणक चालवणाऱ्या पोरावर खापर फोडायला हा लेख नाही. तुटपुंज्या मानधनावर तो सगळ्यांची कामं करतो, अन् भानगड झाली की पहिला तोच सापडतो. त्याला त्याच्या नावाचं वेगळं लॉगिन द्या, त्यातच त्याचंही संरक्षण आहे. वरच्यांनीही फक्त परिपत्रकं काढू नयेत. दीड हजारांच्या गावात एका दिवसात शेकडो जन्म नोंदले जात असतील तर पोर्टलने स्वतःच थांबायला पाहिजे. एवढी अक्कल यंत्रात घालणं अवघड नाही.

येत्या ग्रामसभेत मी तीन प्रश्न विचारणार आहे. गावाच्या नावावर किती लॉगिन आहेत अन् कोणाकडे? पासवर्ड शेवटचा कधी बदलला? मागच्या वर्षी किती जन्म नोंदले, अन् ती यादी फलकावर लावता का?

पासवर्ड कोणी सांगू नका, मागतही नाही. फक्त हिशेब सांगा. तुम्हीही या, अन् आपापल्या गावात हेच विचारा.