ऐकणाऱ्याचे वय

शल्यचिकित्सकाचा हात थरथरू लागला, तर शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेस ते दिसते. मानसोपचारतज्ज्ञाचे तसे नाही. बंद दाराआड दोनच माणसे, आणि त्यांतले एक दुःखाने वाकलेले. दुसऱ्याची स्मृती उणावत चालली आहे, हे सांगायचे कोणी?

फ्रॉइडना १९२३ साली जबड्याचा कर्करोग झाला. पुढील १६ वर्षांत त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. उजव्या कानाने ऐकू येईना, तेव्हा या गृहस्थांनी रुग्णाच्या कोचाची व आपल्या खुर्चीची मांडणीच उलटी केली, की डावा कान रुग्णाकडे यावा! १९३८ साली व्हिएन्ना सोडून लंडनला आल्यावरही ते रुग्णांचे ऐकत राहिले. ऑगस्ट १९३९ च्या आरंभी त्यांनी हे काम थांबविले आणि २३ सप्टेंबरला ते निवर्तले. या निष्ठेपुढे मस्तक नमते. तथापि एक शंका आमचा पिच्छा सोडीत नाही. वैद्याचीच वेदना नित्य समोर असता आपले दुःख मोकळेपणी सांगणे त्या रुग्णांना जमले असेल काय?

अमेरिकेतील अर्विन यालोम यांचा मार्ग आम्हांस अधिक भावला. त्यांचा जन्म १९३१ चा. स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापकी करून त्यांनी अनेक दशके उपचार केले. पुढे स्मरण दगा देऊ लागले. दर आठवड्यास येणाऱ्याची मागील कथा ध्यानात ठेवावीच लागते. ते साधेना, तेव्हा त्यांनी दीर्घ उपचार थांबवून प्रत्येकास एकदाच, तासाभराची भेट देण्याचा क्रम आरंभला. पुत्र बेंजामिन यांच्यासह त्यांनी लिहिलेले या भेटींविषयीचे पुस्तक २०२४ साली निघाले.

तिकडील काही उपचारक एक कागदही करून ठेवतात : आपण अकस्मात गेलो, तर रुग्णांना कोणी कळवावे, टिपणे कोणी सांभाळावीत. (आपल्याकडे घरादाराचे मृत्युपत्र करतानाही हात अडखळतो, आणि मानसोपचारतज्ज्ञाचे तर नावही दबक्या आवाजातच निघते.)

हे सारे आम्हांस का सुचावे? मागे नववीच्या वर्गात आम्ही एक गोष्ट रंगवून सांगितली. मुले नेमक्या ठिकाणी हसली. तास संपल्यावर एक मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, ही गोष्ट तुम्ही परवाही सांगितली होतीत." क्षणभर राग आला, हे लपवीत नाही. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून आम्ही त्यास बजावले, की पुन्हा असे घडल्यास गोष्ट संपण्याची वाट न पाहता हात वर करावा.